रिकामा संगणक, विज्ञानाचं काम आणि महावितरणचं बिल

घरचा डेस्कटॉप चालू असतो तेव्हाही बहुतेक वेळ तो काहीच करत नसतो. तुम्ही मेल वाचता, एखादी एक्सेल शीट उघडून बसता, आणि आतला प्रोसेसर शंभरातले पाचसुद्धा टक्के वापरला जात नाही. ही रिकामी ताकद संशोधकांना उसनी देण्याची सोय आता पंचवीस वर्षांहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी सेटी ॲट होम सुरू केलं आणि लाखो घरांतले संगणक परग्रहवासीयांच्या संभाव्य संदेशासाठी रेडिओ संकेत चाळू लागले. मार्च २०२० मध्ये त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं. पण त्याच मंडळींनी २००२ मध्ये हाती घेतलेलं बॉइंक हे सॉफ्टवेअर आजही अनेक प्रकल्पांचा कणा आहे. ते प्रकल्पाच्या मोठ्या गणिताचे छोटे तुकडे, म्हणजे 'कामं', आपल्या संगणकावर उतरवतं, सोडवतं आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर परत पाठवतं.

बॉइंक बसवणं दहा मिनिटांचं काम आहे आणि ते कसं करायचं हे सांगणारे व्हिडिओ हवे तेवढे मिळतील. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. मूळ सेटिंगवर सोडलेला संगणक रात्रंदिवस पूर्ण दमाने पळतो, मे महिन्यात खोली तापवतो, आणि महिन्याअखेरीस घरातलं कोणीतरी बिल हातात घेऊन विचारतं, "हे काय चालवलंयस?" म्हणून या लेखाचा रोख एकाच गोष्टीवर आहे. संगणक किती तास चालला, केलेल्या कामाबद्दल प्रकल्पाकडून किती गुण मिळाले, हे गौण. एका युनिट विजेत किती काम झालं, ते पाहायचं.

आधी वीज मोजा

सॉफ्टवेअर उतरवण्याआधी आपला संगणक किती वॅट खातो हे कळायला हवं. सॉकेट आणि प्लग यांच्या मध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो. ऑनलाइन घ्या, नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा. तेवढाही खर्च नको असेल तर जिन्याखालचा महावितरणचा मीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं, फ्रिजसकट, दहा मिनिटं बंद ठेवा. संगणक एकटा चालू ठेवून दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा आणि त्या आकड्याला १.८७५ ने गुणा. उत्तर वॅटमध्ये. चाळीस वेळा लुकलुकला तर ७५ वॅट. मीटरवर १६०० छापलं असेल तर ३.७५ ने गुणायचं.

ही मोजणी दोनदा करा: एकदा संगणक नुसता चालू असताना, आणि बॉइंक बसवल्यावर एकदा प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामाला लावून. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे सतत लागतील.

समजा नुसता चालू असताना ४५ वॅट आणि पूर्ण भारावर ११५ वॅट निघाले. तुमचा संगणक ऑफिसच्या कामासाठी रोज आठ तास चालूच असतो असं धरलं, तर बॉइंकचा खर्च फक्त मधल्या ७० वॅटचा: दिवसाला ०.५६ युनिट, महिन्याला साधारण १७. तोच संगणक केवळ बॉइंकसाठी चोवीस तास चालू ठेवलात तर पूर्ण ११५ वॅट मोजावे लागतात: दिवसाला २.७६ युनिट, महिन्याला ८३. सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडलं तर पहिला हिशेब २०४ रुपयांचा, दुसरा ९९६ रुपयांचा.

आणि दर धरताना बिलाची सरासरी धरू नका. घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी चढे. पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर गेलं की वीज आकार जवळपास दुप्पट होतो. घरचा वापर ८५ युनिट असेल आणि त्यात बॉइंकचे ८३ मिळवलेत, तर त्यातले १५ स्वस्तात जातात आणि ६८ महाग टप्प्यात पडतात. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हे असतंच. म्हणून बिल उलटून आपल्या शेवटच्या युनिटचा दर काढा. मला विचाराल तर महिन्याचा आकडा आधी ठरवावा, दोनशे रुपये तर दोनशे, आणि बॉइंकला त्यात बसवावं. देणगी अशीच देतात.

इथेच एक कडू गोष्ट सांगून टाकतो. माळ्यावर पडलेला पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक "विज्ञानासाठी" पुन्हा चालू करण्याचा मोह होतो. करू नका. तो नव्या लॅपटॉपइतकीच किंवा जास्त वीज खाऊन त्याच्या काही अंशच काम करतो. ते पैसे थेट एखाद्या संस्थेला पाठवलेले बरे.

प्रकल्प निवडताना

यादी लांब आहे, पण सुरुवातीला एक, फार तर दोन घ्या. दहा प्रकल्प जोडले की मुदती एकमेकींवर आदळतात आणि अर्धवट कामं साचतात.

आइन्स्टाइन ॲट होम २००५ पासून चालू आहे. लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या वेधांमध्ये अखंड येणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधणं आणि रेडिओ व गॅमा किरणांच्या नोंदींमध्ये नवे पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत संकेत देणारे गरगरते तारे, शोधणं, ही त्याची कामं. २०१० मध्ये त्यातून सापडलेला पहिला रेडिओ पल्सार अमेरिकेतलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या घरच्या संगणकांवर उमटला होता. पुणेकराला हा प्रकल्प जवळचा वाटायला हरकत नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश ज्या पल्सारांचा वेध घेतात, त्याच जातीच्या ताऱ्यांची ही शोधाशोध. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडियात पुण्यातली आपली आयुका ही खगोलसंस्था भागीदार आहे. याची कामं नियमित मिळतात, मुदत बहुधा दोन आठवड्यांची असते, आणि ग्राफिक कार्ड असेल तर त्याचाही चांगला वापर होतो. नवख्याला मी हाच सुचवतो.

प्रथिनांची रचना शोधणारा रोझेटा ॲट होम वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा. बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इथे कधी भरपूर कामं असतात, कधी काहीच नसतं, आणि मुदत तोकडी असते. रोज दोनच तास संगणक लावणाऱ्याला तो झेपत नाही. ऑक्सफर्डमधून निघालेल्या क्लायमेट प्रेडिक्शनची कामं याउलट फार लांबलचक, दिवसेंदिवस चालणारी. वीज वरचेवर जाणाऱ्या भागात तो टाळा. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एलएचसी ॲट होमच्या बऱ्याच कामांना व्हर्च्युअलबॉक्स हे वेगळं सॉफ्टवेअर आणि भरपूर रॅम लागते, ८ जीबीच्या यंत्रावर त्याच्या वाटेला जाऊ नका.

फोल्डिंग ॲट होम बॉइंकमध्ये बसत नाही, त्याचं स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर आहे. २००० सालापासून ते प्रथिनांच्या हालचालींवर काम करतं. तिथे काम लवकर परत करणाऱ्याला जास्त गुण मिळतात, कारण पुढचं काम आधीच्या निकालावर अवलंबून असतं. चांगलं ग्राफिक कार्ड आणि सलग काही तास देऊ शकणाऱ्यांसाठीच ते ठीक.

निवडच करायची नसेल तर सायन्स युनायटेड हा मार्ग आहे. खगोल, आरोग्य, पर्यावरण यांतलं काय आवडतं तेवढं सांगायचं, प्रकल्प ते नेमून देतात.

सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि प्रकल्पाच्या खात्याला बँकेचा पासवर्ड वापरू नका. हिंजवडी-खराडीकडच्या मंडळींना आणखी एक सांगणं: ऑफिसच्या लॅपटॉपवर लेखी परवानगीशिवाय हे बसवू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक कर्मचाऱ्यावर अशाच कारणावरून थेट खटला भरला गेला होता.

सेटिंग

बॉइंक उघडल्यावर साधं दृश्य दिसतं. व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड दृश्य निवडा, मग ऑप्शन्समध्ये कम्प्युटिंग प्रेफरन्सेस. एक लक्षात ठेवा: इथे केलेले बदल त्या एका संगणकापुरते असतात आणि प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या सेटिंगवर मात करतात. दोन्हीकडे वेगवेगळं ठेवून मग "ऐकतच नाही" म्हणून वैतागणारे बरेच असतात.

पहिल्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. एक, किती टक्के सीपीयू (म्हणजे प्रोसेसरचे थ्रेड) वापरायचे. दुसरा, सीपीयूचा किती टक्के वेळ वापरायचा. तापमान कमी करायला लोक दुसऱ्याला हात घालतात, आणि तोच १०० वर सोडायला हवा. तो कमी केला की बॉइंक काम क्षणभर चालवतं, क्षणभर थांबवतं. प्रोसेसर सतत तापतो-निवतो, पंखा वर-खाली ओरडतो आणि कामही रेंगाळतं. कमी करायचा तर पहिला आकडा. चार कोअर आणि आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी आठ कामं घेऊ शकणारा, प्रोसेसर असेल तर ५० टक्के म्हणजे चार कामं एका वेळी.

पण कोअर कमी करण्याआधी एक युक्ती करून पाहा, मला सगळ्यात उपयोगी वाटते ती हीच. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडा आणि मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. बहुतेक प्रोसेसरांचा टर्बो, म्हणजे भार आला की आपोआप वाढणारा जादा वेग, त्याने बंद होतो. टर्बोत शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि वीज त्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त जाते. (काही नव्या लॅपटॉपांवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, टर्बो बंद करता येतो का पाहा.)

फरक कसा मोजायचा? एकाच प्रकल्पाच्या एकाच प्रकारच्या कामांचे वेळ घ्या. समजा टर्बो चालू असताना आठ कामं सहा तासांत झाली, ११५ वॅटवर. म्हणजे ६९० वॅट-तास, कामागे ८६. टर्बो बंद केल्यावर तीच आठ कामं साडेसात तासांत झाली, ७५ वॅटवर. ५६२ वॅट-तास, कामागे ७०. दीड तास जास्त लागला, पण वीज जवळपास पाचवा हिस्सा वाचली, शिवाय पंखा गप्प. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणूनच मोजायचे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी चटकन पटत नाही. संगणक खास बॉइंकसाठीच चालू ठेवला असेल तर एकच कोअर चालवणं सगळ्यात महाग. मदरबोर्ड, रॅम, डिस्क यांची ४५ वॅट वीज जातच असते, ती एका कामावर पडते. त्यापेक्षा सगळे कोअर टर्बोविना चालवा, पण तास कमी ठेवा.

ग्राफिक कार्डाचंही तसंच. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी असते. ती ७० टक्क्यांवर आणली तरी कामाचा वेग सहसा त्या मानाने थोडाच घटतो. कार्ड चालवताना एक थ्रेड मोकळा ठेवा, नाहीतर कार्डाला दाणापाणी पुरवायला प्रोसेसरला सवड मिळत नाही. आणि कार्ड फक्त संगणक रिकामा असताना वापरण्याचं मूळ सेटिंग बदलू नका, नाहीतर स्क्रीन अडखळू लागतो. सीपीयूच्या कामांना मात्र ही भीती नाही. ती सगळ्यात खालच्या प्राधान्याने चालतात, तुमचं काम आलं की आपोआप बाजूला सरतात.

ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर किंवा कार्ड नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) केलेलं असेल तर काढून टाका. बरेच प्रकल्प एकच काम दोन वेगळ्या संगणकांना देऊन उत्तरं ताडून पाहतात. तुमचं उत्तर जुळलं नाही की आठ तासांची वीज पाण्यात.

आता बाकीच्या खुणा भराभर. रॅम: वापरात असताना ५० टक्के, रिकामा असताना ७५. थांबवलेली कामं रॅममध्येच ठेवण्याचा पर्याय १६ जीबी असेल तर चालू करा, कारण त्याशिवाय प्रत्येक थांब्यानंतर काम मागच्या नोंदीपासून पुन्हा सुरू होतं. कामाची नोंद डिस्कवर करण्याचं अंतर मुळात ६० सेकंद असतं. एसएसडीवरचं लिखाण कमी करायला ते ३०० करा. त्याहून जास्त नको, वीज गेली की तेवढं काम बुडतं. आधीच उतरवून ठेवायच्या कामांचा साठा अर्ध्या दिवसाचा पुरे. घरचं इंटरनेट रात्री बंद करायची सवय असेल तर एक दिवसाचा ठेवा. "असू दे जास्त" म्हणून दहा दिवसांचा साठा करणाऱ्यांची निम्मी कामं मुदतीबाहेर जातात आणि तीच कामं पुन्हा दुसऱ्याला द्यावी लागतात.

कधी चालवायचं

डेली शेड्यूल्सच्या पानावर तास ठरवता येतात, आणि पुण्याच्या हवेत याचा मोठा उपयोग आहे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा कितीही चालवा, खोली उलट जरा उबदार होईल. मार्चअखेरपासून मे संपेपर्यंत दुपारी १२ ते ७ पूर्ण बंद. ३८-४० अंशांच्या दुपारी संगणकाने सोडलेले शंभर वॅट तुम्ही पुन्हा पंख्याने किंवा एसीने बाहेर ढकलता, म्हणजे एकाच कामाची वीज दोनदा भरता. पुण्यातली दुकानं १ ते ४ बंद असतात, संगणकाने काय घोडं मारलंय? उन्हाळ्यात रात्री ११ ते सकाळी ६ ही वेळ ठेवा.

याला एक अपवाद आहे. तुमच्याकडे नवा टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारा) स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या युनिटला सवलत मिळते. बिलावर ती वेगळी दिसते. अशा घरी थंडीत आणि पावसाळ्यात दिवसाच चालवणं फायद्याचं. छतावर सोलर आणि नेट मीटर असेल तर पैशाच्या दृष्टीने वेळेचा फारसा प्रश्न उरत नाही, फक्त उष्णता सांभाळा.

वेळापत्रक लावलं म्हणजे संगणक बंद होतो असं नाही, बॉइंक फक्त थांबतं आणि ४५ वॅट जातच राहतात. आणि बॉइंक संगणकाला झोपेपासूनही अडवत नाही, विंडोजने झोपवलं की काम तिथेच ठप्प. म्हणून स्लीप बंद, मॉनिटर पाच मिनिटांनी बंद, आणि पहाटे ६ ला संगणक हायबरनेट करणारी एक नोंद विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये. हे तिन्ही एकत्र हवं.

वीज जाणं, वळीव आणि धूळ

लॅपटॉप बॅटरीवर गेला की बॉइंक थांबतं, ती खूण चालूच ठेवा. डेस्कटॉप मात्र घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याला वीज गेल्याचा पत्ताच लागत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद झाली आणि तुम्ही बाहेर असलात तर पंख्या-दिव्यांसाठी ठेवलेली बॅटरी विज्ञानाच्या कामी येते, मग घरच्यांशी तुम्ही काय ते बोला. यावर उपाय दोन. यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला जोडली तर विंडोजला ती बॅटरी म्हणून दिसते आणि बॉइंक थांबू शकतं. नाहीतर संगणकाचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून घ्या. वीज अचानक गेली तरी शेवटच्या नोंदीनंतरचं काम तेवढं जातं, बाकी शाबूत राहतं.

एप्रिल-मेच्या वळिवात गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी लॅनची तारही. ती लोक विसरतात.

तापमान पाहायला विंडोजवर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो घ्या. पूर्ण भारावर ८० अंशांच्या खाली राहिलं तर काळजी नाही. ८५ च्या वर सतत जात असेल तर आधी धूळ बघा. बांधकामं आणि रस्त्यांची खोदाई चालू असलेल्या भागात सहा महिन्यांत पंख्याच्या पात्यांवर राखाडी थर बसतो. प्लग काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा. पंखा मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. पाच वर्षं जुन्या यंत्राची थर्मल पेस्ट एकदा बदलून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवून बॉइंक चालवायचं नाही, खालून हवा जाईल असा स्टँड हवा. कायम चार्जरवर असतो म्हणून उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा.

जुन्या अँड्रॉइड फोनवरही बॉइंक चालतं. मूळ सेटिंगमध्ये ते चार्जिंगला लावल्यावरच काम करतं आणि कामांची ने-आण वायफायवरच करतं. वीज अगदी थोडी लागते, पण सतत गरम राहणारी जुनी बॅटरी फुगू शकते. झोपायच्या खोलीत, उशीखाली असा फोन नको.

लक्ष ठेवणं आणि थांबणं

पहिले पंधरा दिवस बॉइंकचे वेळेचे अंदाज चुकतात. तुमचा संगणक दिवसाला किती वेळ चालू असतो हे ते हळूहळू शिकतं. त्या काळात सेटिंग रोज बदलू नका. नंतर आठवड्यातून एकदा प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आपल्या कामांची यादी उघडा आणि किती कामं वैध ठरली, किती अवैध, किती मुदतीबाहेर गेली एवढंच पाहा. अवैध वाढत असतील तर तापमान किंवा रॅमचा दोष शोधा. मुदतीबाहेर जात असतील तर साठा घटवा किंवा एक प्रकल्प कमी करा. गुणांची चढाओढ गमतीची असते, पण तिच्या नादाने लोक आधी ठरवलेला महिन्याचा आकडा ओलांडतात.

गणपतीला कोकणात किंवा दिवाळीत गावी जायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी प्रोजेक्ट्सच्या पानावर नो न्यू टास्क्स दाबा. हातातली कामं पुरी होतात, नवी येत नाहीत, आणि मग संगणक निर्धास्त बंद करता येतो. फोल्डिंगमध्ये याच कामासाठी फिनिश नावाचं बटण आहे. निघायची वेळ झाली आणि एखादं काम मुदतीत होणारच नाही असं दिसलं तर ते तसंच सोडून जाऊ नका. टास्क्समध्ये जाऊन ॲबॉर्ट करा आणि बंद करण्याआधी एकदा अपडेट दाबा, म्हणजे सर्व्हरला लगेच कळतं आणि ते काम त्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतं.